ऐकू कमी येऊ लागलंय? पहिल्या वर्षाची वाटचाल

मला पहिली खूण फोडणीने दिली. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग-हळद. हा क्रम माझा हात वर्षानुवर्षं कानाच्या भरवशावर करत होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी मोहरी सारखी करपायला लागली. मी कढईला दोष दिला, गॅसला दिला. एकदा मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "आई, मघापासून तडतडतेय ना." मला कढईत दाणे उडताना दिसत होते, पण आवाज काही येत नव्हता.

आज मी नऊ वर्षं दोन्ही कानांत मशीन घालते. ज्यांना नुकतंच कमी ऐकू येऊ लागलंय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: खुणा ओळखा आणि उगाच 'हो' म्हणणं बंद करा

ऐकू येणं बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, म्हणून लक्षातच येत नाही. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. "तुम्ही सगळे पुटपुटता" अशी तक्रार सुरू होते. टीव्हीचा आवाज वाढत जातो. पुरुषांपेक्षा बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी निसटतं. चारचौघांत बसलो की सगळे हसले म्हणून आपण हसतो.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे स्वतःवरचा राग कमी होईल. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिया असतो. त्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात. त्या जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, मेल्या की परत उगवत नाहीत. वयाने किंवा मोठ्या आवाजाने बहुधा आधी जातात त्या वरच्या पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे भरदार आणि खालच्या पट्टीतले. स, श, फ, त, क यांची ओळख पटवणारा नाजूक भाग वरच्या पट्टीतला. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण 'पाट' मागितला की 'ताट' हे ठरवता येत नाही. मोहरीची तडतडही वरच्याच पट्टीतली. साठीपुढच्या चारातल्या एकाहून अधिक माणसांना त्रास होण्याइतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही.

आता त्या 'हो'बद्दल. ऐकू आलं नाही की आपण 'हो' म्हणून मोकळे होतो. मला मधुमेह आहे. एकदा सकाळी रक्त द्यायला गेले होते, तिथल्या मुलाने मास्कमधून विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" मला फक्त शेवटचा 'ना' कळला. मी 'हो' म्हटलं. प्रत्यक्षात मी वाटीभर पोहे खाऊन निघाले होते. रिपोर्टात साखर वाढलेली आली, गोळी वाढली, आणि चौथ्या दिवशी दुपारी मला दरदरून घाम फुटून चक्कर आली. त्या दिवसापासून घरात नियम केला: कळलं नाही तर 'हो' म्हणायचं नाही. "काय म्हणालात, पुन्हा सांगा" एवढंच म्हणायचं. मशीन यायच्या आधीही हे करता येतं.

दुसरी पायरी: आधी कानाचे डॉक्टर, मग दुकान

पुष्कळ जण थेट मशीनच्या दुकानात जातात. तसं करू नका. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्या. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की ऐकू येतं. कधी पडद्याला भोक असतं. कधी मधल्या कानातलं छोटं हाड जखडलेलं असतं, आणि ते शस्त्रक्रियेने सुधारू शकतं. यातलं काहीच मशीनने बरं होत नाही.

कानात गरम तेल, लसणाचं तेल घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं आणि कान वाहायला लागतो. पिन, काडी, कापसाच्या काड्याही नकोत, त्यांनी मळ आणखी आत ढकलला जातो.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. एका कानाने अचानक, म्हणजे एका दिवसात किंवा सकाळी उठल्यावर, ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सर्दी असेल, दडा बसला असेल म्हणून वाट पाहू नका. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते. पुढे ती झपाट्याने कमी होते.

डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवा. ॲमिकासिनसारखी काही इंजेक्शनं आणि कर्करोगावरची काही औषधं कानाला त्रास देतात. ती आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

तिसरी पायरी: चाचणी नीट करून घ्या आणि तो कागद वाचायला शिका

ऑडिओमेट्री आवाजबंद खोलीत करतात. हेडफोन लावतात, बारीक बीप ऐकू आला की बटण दाबायचं. दुकानाच्या काउंटरवर, रस्त्याचे हॉर्न ऐकत केलेली 'मोफत तपासणी' चाचणी म्हणून धरू नका.

हातात येतो तो ऑडिओग्राम. वर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत. उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा केल्यावर ऐकू आला. उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने दाखवतात. खुणा जितक्या खाली तितकं ऐकणं कमी. ढोबळमानाने २५ डेसिबलपर्यंत ठीक, ४० पर्यंत सौम्य, ६० पर्यंत मध्यम, ८० पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. माझा आलेख डावीकडे बरा आणि उजवीकडे घाटासारखा उतरत गेलेला. तो पाहिला आणि मला मोहरीचं कोडं उलगडलं.

शब्द ओळखण्याची चाचणीही असते, ती मराठीतून घ्यायला सांगा. आवाज वाढवल्यावर शंभरातले किती शब्द कळतात यावरून मशीनचा उपयोग किती होईल याचा अंदाज येतो.

चाचणी कुठे करायची? मुंबईत वांद्र्याला केंद्र सरकारची अली यावर जंग वाक् आणि श्रवण संस्था १९८३ पासून हेच काम करते. नायर आणि केईएम रुग्णालयांत श्रवणशास्त्राचे विभाग आहेत, पुण्यात भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात कानाच्या विभागात विचारा. जिथे विद्यार्थी शिकतात तिथे वेळ जास्त लागतो, पण खर्च कमी येतो आणि तपासणी सविस्तर होते, असा माझा अनुभव आहे.

चौथी पायरी: मशीन घेताना

ज्याच्याकडून मशीन लावून घ्याल तो ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवणारा तज्ज्ञ, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केलेला हवा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. मी पहिल्यांदा गेले तिथे मला क्रमांक सांगितला नाही, फक्त हप्त्यांची सोय सांगितली. मी उठून आले, याचं मला आजही समाधान आहे.

दोन्ही कानांत कमी असेल तर शक्यतो दोन्हीकडे मशीन घ्या. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. एका मशीनवर रस्ता ओलांडताना रिक्षा डावीकडून येतेय की उजवीकडून, हे मला कळायचं नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत जातात. महाग मशीनमध्ये गोंगाट कमी करणं, ब्लूटूथ, जास्त चॅनेल (आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या जुळवण्याची सोय) असतात. दिवसभर घरात दोन-तीन माणसांतच वावर असेल, तर मधल्या किमतीचं, तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे नीट जुळवून दिलेलं मशीन पुरतं. न जुळवलेल्या महागड्या मशीनपेक्षा ते कितीतरी बरं. विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहायला मागा. नंतरच्या जुळवणीचे पैसे वेगळे पडतात का, दुरुस्ती गावात होते का, हे विचारा. कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजण्याची सोय असेल तर ती आवर्जून करून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेव्हा बिल बघून घ्या.

ऑनलाइन मिळणारं हजार-दीड हजाराचं 'कानाचं मशीन' बहुतेक वेळा नुसतं आवाज वाढवणारं असतं. ते तुमचा ऑडिओग्राम बघत नाही, बोलण्याबरोबर भांडीही तेवढीच वाढवतं. घेऊ नका.

पाचवी पायरी: पहिले तीन महिने

इथेच बहुतेक मशीनं कपाटात जातात. पहिल्या दिवशी मला घरभर गोंगाट वाटला. पंख्याची घरघर, फरशीवर घासणारी चप्पल, वर्तमानपत्राचं पान उलटताना होणारा कर्र आवाज, स्वतःचा आवाज तर डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मी तासाभरात काढून ठेवलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. मेंदूला ज्या आवाजांची सवय मोडली होती ते परत आले होते, आणि कुठले सोडून द्यायचे हे त्याला पुन्हा शिकायचं होतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात शांत घरात रोज दोन-तीन तास, एकाच माणसाशी बोलत. मग हळूहळू वेळ वाढवा. रेडिओच्या बातम्या ऐका, वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. बाजार, लग्न, बस हे सगळं शेवटी. रोज एका वहीत लिहा: कुठे कळलं नाही, कुठला आवाज टोचला. जुळवणीला जाताना ती वही बरोबर न्या. "बरोबर वाटत नाही" एवढ्याने ऑडिओलॉजिस्टला काही करता येत नाही. "ताटावर चमचा पडला की डोक्यात जातं" म्हटलं तर लगेच करता येतं. मला चार फेऱ्या लागल्या.

संध्याकाळी थकवा येईल. दिवसभर शब्द जुळवत ऐकणं हे कष्टाचं काम आहे. अर्धा तास मशीन काढून बसा आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा. कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येत असेल तर घाबरू नका. कमी ऐकू येणाऱ्या पुष्कळांना तो येतो, मशीन घातल्यावर अनेकांचा कमी जाणवतो. रात्री पंखा किंवा बारीक रेडिओ चालू ठेवला की सुसह्य होतो.

निगेबद्दल थोडक्यात. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे रोज न चुकता करायचं. मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, कोरड्या मऊ कापडाने पुसा. गोळीसारख्या बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाला, तिला हवा लागते. आकार स्टिकरच्या रंगावरून ओळखा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. त्या लहान मुलांपासून लांब ठेवा, गिळल्या तर जिवावर बेततं. मशीन शिटी मारत असेल तर मोल्ड नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे. डोक्यावरून पदर घेतला की माझं हमखास वाजतं.

सहावी पायरी: घर शिकवा

मशीनने माझं निम्मं काम केलं. उरलेलं घरच्यांनी केलं, पण ते मला सांगावं लागलं. आपल्याला काय हवंय ते आपण सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

आमच्या घरात ठरलेल्या गोष्टी या. आधी नाव घ्यायचं, मी वळून बघितलं की बोलायचं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारून गोष्ट सांगायची नाही. मिक्सर चालू असताना बोलायचं नाही. तोंडावर उजेड पडेल असं बसायचं, पाठीशी खिडकी नको. ओरडायचं नाही, ओरडल्याने शब्द फाटतात आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो. थोडं सावकाश, नेहमीच्या आवाजात. दोनदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा नको, शब्द बदलायचे. "पाट दे" कळलं नाही तर "बसायला पाट दे".

आकड्यांचा घोळ आपल्या भाषेत फार होतो. सात की साठ, एकोणसाठ की एकोणसत्तर, सदुसष्ट की अडुसष्ट. पैसे, तारीख, गोळ्या, फोन नंबर याबाबत एकेक आकडा सुटा सांगायला लावा: "पाच, नऊ". भाजीवालीला मी बोटं दाखवायला सांगते, तीही आता आपणहून दाखवते.

आणि एक वाक्य घरातून कायमचं काढून टाका: "काही नाही, जाऊ दे." सगळे हसताहेत, आपण विचारतो काय झालं, आणि समोरून हे उत्तर येतं. विनोद छोटा असेल, पण त्या क्षणी त्या माणसाला दाराबाहेर उभं केल्यासारखं होतं. माझे सासरे शेवटची सात-आठ वर्षं जेवायला बसायचे आणि मान खाली घालून उठायचे. ते अबोल आहेत असं आम्ही समजत होतो. त्यांना ऐकू येत नव्हतं. हे मला माझे कान गेल्यावर कळलं.

बाहेर वापरायला एक वाक्य पाठ करून ठेवा: "मला कमी ऐकू येतं, जरा समोर बघून सावकाश बोलाल का?" पहिल्या पाच वेळा घसा कोरडा पडतो. मग सवय होते, आणि बहुतेक माणसं लगेच ऐकतात. मंगल कार्यालयात स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ करून बसा. बैठकीत बऱ्या कानाकडे बोलणारा येईल अशी जागा धरा. एसटी स्टँडवर घोषणेच्या भरवशावर राहू नका, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर विचारा आणि शेजारच्या प्रवाशाला गाडी सांगायला सांगून ठेवा. दवाखान्यात केसपेपरवर मोठ्या अक्षरात 'कमी ऐकू येतं' लिहून घ्या.

अँड्रॉइड फोनवर गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे ॲप मोफत आहे. समोरचा मराठीत बोलला की पडद्यावर मराठी अक्षरं उमटतात. गोंगाटात चुकतं, पण डॉक्टरांच्या खोलीत मला त्याचा मोठा आधार आहे. घरच्यांशी फोनऐवजी व्हिडिओ कॉल करा, ओठ दिसले की निम्मं कळतं. दाराला दिव्याची बेल आणि उशीखाली थरथरणारा गजर मिळतो.

सातवी पायरी: सरकारी कागद आणि मदत

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यानुसार बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल नुकसान असेल तर 'ऐकण्यास कठीण', ७० च्या पुढे 'कर्णबधिर'. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. मशीनशिवाय ऐकू किती येतं यावर हे ठरतं. एका कानाने पूर्ण ऐकू येत नसेल पण दुसरा चांगला असेल, किंवा नुकसान मध्यम असेल, तर हे ४० टक्के सहसा भरत नाहीत. तुमचा त्रास खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे.

अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. आधार, फोटो, ऑडिओग्राम हाताशी ठेवा. मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. गर्दी असते, बरोबर माणूस न्या. नाव पुकारलेलं ऐकू येत नाही म्हणून माझ्या ओळखीतल्या एक बाई दोनदा परत गेल्या.

मशीनसाठी केंद्राची एडीआयपी, म्हणजे दिव्यांगांना साहित्य देणारी, योजना आहे. गरीब ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात, आणि त्यात श्रवणयंत्र धरलेलं आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तो मागणी नाही म्हणून पडून राहतो. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नोकरीत असाल तर हेही माहीत असू द्या: सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. कायद्याचं कलम २० तसं सांगतं.

घरात लहान बाळ असेल तर घाई करा. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा क्रम जगभर धरतात. "मुलगा आहे, उशिरा बोलेल" हे ऐकत बसू नका. जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या त्वरित उपचार केंद्रात जा. गरज असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठीही, सरकारी योजना आहे, पण तिला वयाची अट आहे. आणि इम्प्लांट होवो न होवो, भारतीय सांकेतिक भाषा शिकायला घाबरू नका. ती पूर्ण भाषा आहे. दिल्लीच्या सरकारी संशोधन केंद्राने तिचा १०,००० शब्दांचा कोश केला आहे.

आठवी पायरी: आपल्यासारखी माणसं शोधा

मला खरा धीर ऑडिओलॉजिस्टच्या बाहेरच्या बाकावर मिळाला. शेजारी निवृत्त एसटी चालक बसले होते. त्यांनी मोल्ड काढून दाखवला आणि म्हणाले, "ताई, पहिला महिना काढा, फेकू नका." आम्ही पत्ते घेतले. आज आम्ही सहा जण आहोत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी बागेत भेटतो, लोक यायच्या आत, कारण तेव्हा शांत असतं. गोल बसतो म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि एका वेळी एकच बोलतो. जास्तीच्या बॅटऱ्या बदलतो, कुठल्या कार्यालयात कोणता कागद मागतात ते सांगतो.

तुमच्या गावात असा गट नसेल तर ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर चिठ्ठी लावा, किंवा जिथे मशीन घेतलं तिथे तुमचं नाव ठेवून या आणि नवीन माणूस आला की द्यायला सांगा. पहिल्या भेटीला दोन माणसं आली तरी पुरे. पाटी-पेन्सिल किंवा वही बरोबर ठेवा, आमच्यातले एक आजोबा अजून मशीन घालत नाहीत, त्यांच्याशी आम्ही लिहून बोलतो.